फिजिक्सचा पोरगा, जस्ताची पांढरी पावडर आणि सेल बदलायची कटकट

डिसेंबरात शेतावर भरताची पार्टी होती. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला टाकलेली, सगळे पाव्हणे धुरात डोळे चोळत बसलेले, आणि तेवढ्यात माझ्या भाच्याला कोणीतरी विचारलंच. काय रे भो, तू फिजिक्सचा ना, मग बॅटऱ्या कसल्या बनवून राहिला? दुसरा म्हणे, मागे तर हा गॅसचा वास ओळखणारं काहीतरी करत होता. तिसऱ्याला आठवलं की मधे दोन वर्षं कोरियात होता तेव्हा प्लॅस्टिकच्या पट्ट्या दाबून लाईट लावायचा, व्हिडिओ पाठवला होता त्याने ग्रुपवर. थोडक्यात मत असं पडलं की पोरगं हुशार आहे पण एका जागी टिकत नाही.

भाचा कळण्याची भाकरी मोडत एवढंच म्हणाला की मी कुठं काय बदललं, सगळीकडं जस्तच तर आहे. आणि परत भरताकडे वळला. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, तरी मला ते लगेच कळलं नाही. नंतर त्याच्याशी फोनवर बरंच बोलणं झालं, थोडं मी स्वतः वाचलं, आणि आता ते सगळं इथं उतरवतोय, कारण नातेवाईक अजूनही मलाच विचारतात की मामा, तो नक्की करतो काय.

तर जस्त. पत्र्याला गंज चढू नये म्हणून मुलामा असतो तो जस्ताचा, टॉर्चमधल्या साध्या सेलचं बाहेरचं भांडं असतं ते जस्ताचं, आणि घामोळ्यांवर आपण जे गुलाबी कॅलामाइन लोशन लावतो त्यातली मुख्य पांढरी पावडर म्हणजे झिंक ऑक्साइड, जस्त आणि ऑक्सिजन. एकदम साधी, स्वस्त पावडर. भाच्याची पीएचडी या पावडरीवर, पण वासाच्या अंगाने.

झिंक ऑक्साइडला वास घेता येतो असं म्हटलं तर हसाल, पण जवळपास तसंच आहे. या पावडरीचे कण हवेत ठेवले की हवेतला ऑक्सिजन कणाच्या अंगाला चिकटतो आणि आतला एक इलेक्ट्रॉन उसना घेऊन बसतो. उसनवारी करणारे असे लाखो जण दारात बसले की आत खेळतं भांडवल कमी पडतं, म्हणजे करंट नीट वाहत नाही, रेझिस्टन्स वाढतो. आता तिथं एलपीजी किंवा इथिलीनसारखा वायू आला की तो या ऑक्सिजनला घेऊन निघून जातो, उसना इलेक्ट्रॉन परत आत येतो, रेझिस्टन्स खाली येतो आणि मीटरचा काटा हलतो. जपानमध्ये सेयामा नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर हे करून दाखवलं, आणि आज घरात गॅस गळतीचा अलार्म लावतात त्यातले बरेचसे याच जातीचे, बहुतेक कथिलाच्या ऑक्साइडचे.

आमच्या भागात, म्हणजे जळगावकडे, इथिलीन हा काय पुस्तकातला शब्द नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळी पिकवायच्या चेंबरमध्ये तेच सोडतात, १६ ते १८ डिग्री तापमान ठेवायचं, १०० पीपीएमच्या आसपास इथिलीन, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर, साधारण एक दिवस, मग केळी आपोआप रंग धरते. पूर्वी कार्बाइडच्या पुड्या ठेवायचे लोक, त्याच्यावर बंदी आहे, आणि असायलाच पाहिजे. तर भाच्याच्या डोक्यात आलं की चेंबरच्या प्रत्येक कोपऱ्यात इथिलीन मोजणारा छोटा सेन्सर लावू, म्हणजे कोणत्या क्रेटपर्यंत वायू पोचला नाही ते कळेल. विचार भारी होता पण गाडं एका जागी अडलं, ते म्हणजे हा वास घ्यायचा उद्योग थंडीत होत नाही. ती उसनवारीची देवाणघेवाण पटापट व्हायला पावडर २०० ते ४०० डिग्री तापवावी लागते, म्हणून सेन्सरच्या पोटात हिटर असतो. बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणारा गोल जाळीचा सेन्सर घ्या, त्याचा हिटरच पाऊण वॉट खातो. पाऊण वॉट ऐकायला काहीच नाही, पण रिमोटमध्ये किंवा वजनकाट्यात असतो तो बटन सेल, सीआर२०३२, त्याच्यात साधारण २२० मिलीअँपिअर-तास असतात, म्हणजे ३ व्होल्टने गुणलं की ०.६६ वॉट-तास. तासाच्या आत सेल खलास. खरं तर तो सेल एवढा करंट एकदम देऊच शकत नाही, त्याआधीच मान टाकेल.

म्हणजे मोजणारं काम फुकटात होतं, खर्च सगळा पॉवरचा. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या उड्या या एका गोष्टीने ठरवल्या.

याची झळ घरालाही बसलीच. दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, केळीच्या बागेत जमिनीतला ओलावा मोजणारी चार यंत्रं बसवली होती, कुठली ते सांगत नाही. मार्चपर्यंत मोबाईलवर आकडे यायचे, दाजी पारावर बसून लोकांना दाखवायचे. मे लागला आणि एक एक गप्प होत गेलं. मी आणि भाचा दुपारी बघायला गेलो, ४५ डिग्रीचा मे, आमच्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. डबीचे चार स्क्रू काढले तर आत आधी पाल निघाली, मग मुंग्यांनी आणलेली माती, आणि चांदीच्या पाकिटासारखी असते ती लिथियम पॉलिमर बॅटरी पापडासारखी टम्म फुगलेली. झाकण काळ्या रंगाचं, दिवसभर उन्हात, आत हात घालवत नव्हता. भाच्याने बॅटरी दोन बोटांनी उचलून बांधावर लांब ठेवली, खिशात घालू नको म्हणाला, आणि दाजींनी विचारलं की सेल बदलायला दर उन्हाळ्यात माणूस लावायचा असेल तर माणसानेच माती हातात घेऊन बघितलेली काय वाईट. याच्यावर आमच्या दोघांकडे उत्तर नव्हतं.

हजार सेन्सर लावणं सोपं झालंय, हजार सेल बदलणं नाही. सेल्फ पॉवर्ड सेन्सर म्हणून जे काही चाललंय जगभर, ते या कटकटीपायी. सेन्सरला लागणारी वीज त्याने आजूबाजूच्या हलण्या-दाबण्यातून, घासण्यातून, उष्णतेतून, उजेडातून स्वतःच काढायची.

इथं परत जस्त येतं. गॅसची शेगडी पेटवायचं ते टिक करणारं लायटर घ्या. त्यात ना सेल ना वायर, तरी ठिणगी पडते. आत सिरॅमिकचा एक तुकडा असतो, स्प्रिंगने त्याच्यावर हातोडी बसते आणि हजारो व्होल्ट तयार होतात. याला पिएझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात, पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये शोधली, तेव्हा एक २१ वर्षांचा आणि दुसरा २४ चा. काही स्फटिकांची आतली मांडणी तिरपागडी असते, दाबलं की प्लस चार्जचा मध्य एकीकडे सरकतो आणि मायनसचा दुसरीकडे, दोन टोकांत व्होल्टेज. मिठाच्या खड्यात हे होत नाही कारण तिथली मांडणी सगळ्या बाजूंनी सारखी, दाबलं तरी दोन्ही मध्य एकाच जागी. झिंक ऑक्साइडमध्ये मात्र प्रत्येक जस्ताभोवती चार ऑक्सिजन असे उभे असतात, तीन खाली एक वर, की दाबल्यावर तोल जातोच. हाच खेळ उलटाही चालतो, व्होल्टेज दिलं की स्फटिक थरथरतो, हातातल्या क्वार्ट्झ घड्याळातला छोटा क्वार्ट्झ असा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्यावर वेळ मोजतात.

म्हणजे भाच्याच्या टेबलावर जी पावडर वास घ्यायला ठेवली होती तीच पावडर दाबली तर वीज देणारी. कोरियातल्या त्या दाबायच्या पट्ट्यांचं मूळ इथं. ही गंमत त्याच्या आधी एका मोठ्या माणसाच्या लक्षात आली होती. झोंग लिन वांग, जन्म चीनमधला, पीएचडी अमेरिकेत अॅरिझोना स्टेट विद्यापीठातून १९८७ ची, फिजिक्समध्ये. सुरुवातीचं सगळं काम इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवर, म्हणजे बारीक गोष्टी बघायच्या कशा. मग अमेरिकेतच जॉर्जिया टेक या विद्यापीठात त्याच्या गटाने २००१ मध्ये झिंक ऑक्साइडच्या नॅनो-पट्ट्या बनवल्या, आणि २००६ मध्ये झिंक ऑक्साइडच्या उभ्या नॅनो-तारांचं गवत उगवून, त्या एका अतिबारीक सुईने वाकवून, त्यातून वीज निघते असं मांडलं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड, या तारा काही दहा नॅनोमीटरच्या. त्या मोजमापावर पुढे वादही झाले, दुसऱ्या शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या, ते चांगलंच झालं, पण दिशा पक्की झाली. बघायचं काम करणारा माणूस बनवायला लागला, बनवता बनवता वीज काढायला लागला. त्यालाही कोणीतरी विचारलं असेलच की तू फिजिक्सचा ना.

पुढचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. त्याच गटात पिएझोच्या पट्ट्यांवर काम चालू असताना एक पट्टी अपेक्षेपेक्षा फार जास्त व्होल्टेज द्यायला लागली. शोधलं तर कळलं की ती जोडतानाच चुकली होती, दोन प्लॅस्टिकच्या थरांमध्ये फट राहिली होती आणि ते एकमेकांवर घासत होते. दुसऱ्या कोणी असतं तर पट्टी फेकून नवीन जोडली असती. यांनी फट ठेवली आणि तिच्यावरच शोधनिबंध लिहिला, २०१२ मध्ये, नाव ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर. मराठीत घासवीज म्हणू.

घासवीज आपल्याला लहानपणापासून माहिती आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री अंधारात स्वेटर डोक्यावरून काढला की तडतड आवाज आणि निळ्या ठिणग्या. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे, गिरणीवाला ओरडायचा. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकाकडचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात, नायलॉन आणि आपली कातडी देणाऱ्यांतले, टेफ्लॉन घेणाऱ्यांतला पक्का. कोण देतो कोण घेतो याची पहिली यादी विल्के नावाच्या माणसाने १७५७ मध्येच केली होती. एवढं जुनं प्रकरण, पण नेमकं काय सरकतं, इलेक्ट्रॉन, चार्ज असलेले अणू म्हणजे आयन, की पदार्थाचे बारीक कणच, यावर अजून शास्त्रज्ञ भांडतात. नॅनोजनरेटरमध्ये फक्त एवढी युक्ती की चार्ज झालेल्या दोन्ही थरांच्या पाठीला धातूचा पत्रा लावायचा. थर लांब गेले, जवळ आले, की पाठीमागच्या पत्र्यांतले इलेक्ट्रॉन वायरमधून इकडून तिकडे धावतात. तीच वीज.

आता व्होल्टेज ऐकून लोक भुलतात. हवेत १ मिलीमीटरची ठिणगी पडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, म्हणजे स्वेटर काढताना आपण हजारो व्होल्टचे धनी असतो, पण शॉक लागून कोणी मेलेलं नाही कारण करंट नावालाच. घासविजेचं तसंच, व्होल्ट शेकड्याने, करंट मायक्रोअँपिअरमध्ये. म्हणून "चाला आणि मोबाईल चार्ज करा" अशा बातम्या आल्या की मी कॅल्क्युलेटर काढतो. मोबाईलची बॅटरी ५००० मिलीअँपिअर-तासाची, म्हणजे जवळपास ६९,००० जूल. बुटातल्या पट्टीने सरासरी १ मिलीवॉट दिला, आणि ते पण अखंड चालत राहिलं तर, तर मोबाईल भरायला दोन वर्षांच्या वर लागतील. जळगावहून पंढरपूरच्या कितीतरी वाऱ्या होतील. शिवाय कागदावर छापतात ती पॉवर बऱ्याचदा शिखराची असते, तो एक क्षण जेव्हा थर आदळतात, सरासरी काढली की आकडा तोंडावर पडतो. भाचा स्वतः हे मान्य करतो, आणि त्याच्या क्षेत्रातले सगळे करत नाहीत असंही म्हणतो.

मग उपयोग काय? उपयोग असा की सेन्सरची भूक मोबाईलसारखी नसतेच. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो, झोपेत त्याला काही मायक्रोअँपिअर पुरतात. जागा होतो, माप घेतो, रेडिओवरून आकडा पाठवतो, परत झोपतो. पाठवताना साधारण ४० मिलीअँपिअर, एक सेकंद, ३ व्होल्टवर, म्हणजे ०.१२ जूल. एखादी पट्टी सरासरी २०० मायक्रोवॉट देत असेल तर, ९ वॉटच्या एलईडी बल्बच्या ४५ हजाराव्या भागाएवढी, तरी १० मिनिटांत एका निरोपापुरती वीज जमते. आमच्याकडे नळाची धार करंगळीएवढी येते, तिच्यावर मोटार लावून आंघोळ होत नाही, पण रात्रभर टाकीत पडू दिली की सकाळी घरादाराचं भागतं. तसंच. फक्त टाकी पाहिजे.

आणि इथं त्याच्या तिसऱ्या उडीचं उत्तर आहे. वीज गोळा करणारा माणूस टाकीशिवाय राहूच शकत नाही, म्हणून तो बॅटरीकडे गेला, आवड बदलली म्हणून नाही. पहिली टाकी सुपरकपॅसिटर, म्हणजे चार्ज तसाच साठवून ठेवणारा तुकडा, ०.१ फॅरडचा (फॅरड हे त्याच्या मापाचं एकक) घेतला आणि ३ व्होल्टवरून २ व्होल्टपर्यंत वापरला तर पाव जूल मिळतो, दोन निरोप पाठवून होतात. पटकन भरतो पटकन रिकामा होतो, आणि पडल्या पडल्या गळतो, हा त्याचा दोष. रात्र काढायची, आठवडा काढायचा, तर बॅटरीच लागते.

बॅटरीची कल्पना अशी करा. तापीच्या अलीकडच्या काठावर माणूस आणि त्याची मोटारसायकल आहे, दोघांना पलीकडे जायचंय. माणूस नावेने जातो, पण नाववाला मोटारसायकल घेत नाही, ती पुलावरूनच न्यावी लागते. लिथियम बॅटरीत माणूस म्हणजे लिथियमचा आयन, नाव म्हणजे आतलं द्रव, मोटारसायकल म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पूल म्हणजे बाहेरची वायर. पुलावरून जाणाऱ्या गाडीकडून आपण टोल घेतो, त्यावर मोबाईल चालतो. पलीकडे पोचल्यावर दोघं परत एकत्र येऊन काठावरच्या घरात राहतात. चार्जिंग म्हणजे जोर लावून सगळ्यांना परत अलीकडे आणायचं. बॅटरी चांगली की वाईट हे बरंचसं काठावरची घरं कशी बांधलीत त्यावर, हजार वेळा माणसं आली गेली तरी भिंती पडल्या नाही पाहिजेत.

ही घरं बांधणारा सगळ्यात मोठा गवंडी परत फिजिक्सचाच निघाला. जॉन गुडइनफ, जन्म १९२२. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात हवामान बघायचा, परत आल्यावर शिकागोला फिजिक्स शिकायला गेला तर तिथल्या एका प्राध्यापकाने सुनावलं की या क्षेत्रात ज्यांनी काही केलं त्यांनी तुझ्या वयाच्या आतच केलं. तरी १९५२ मध्ये पीएचडी झाली. मग एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये कॉम्प्युटरच्या मेमरीसाठी चुंबकी सिरॅमिक बनवले, धातूंच्या ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन कसे वागतात हे तिथं त्याच्या हाडात मुरलं. १९७६ मध्ये, वय ५४, हा ऑक्सफर्डला केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होऊन गेला! आपल्याकडे अशा माणसाची फाईल "विषय जुळत नाही" म्हणून पहिल्या टेबलावरूनच परत आली असती. तोपर्यंत स्टॅनली व्हिटिंगहॅम या शास्त्रज्ञाने सल्फाइड वापरून लिथियमची बॅटरी दाखवली होती पण तिचं व्होल्टेज अडीचच्या आत. गुडइनफने मेमरीच्या दिवसांतलं ऑक्साइडचं ज्ञान वापरलं, सल्फाइडऐवजी कोबाल्ट ऑक्साइड घेतलं आणि १९८० मध्ये ४ व्होल्ट मिळवले. विद्यापीठाला त्याचं पेटंट घ्यावंसं वाटलं नाही, आणि जगभर मोबाईल विकले गेले त्यातून या माणसाला जवळपास काहीच मिळालं नाही. अकिरा योशिनोने दुसरा काठ कार्बनचा करून बॅटरी सुरक्षित केली, सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचा.

आमच्या कामाची गोष्ट मात्र त्याची नंतरची आहे. टेक्सासला त्याच्या लॅबमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट निघालं, १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे. व्होल्टेज थोडं कमी, सेलला ३.२ च्या आसपास, पण ऑक्सिजन फॉस्फरससोबत इतका घट्ट बांधलेला की तापलं तरी सहसा सुटत नाही. कोबाल्टवाल्या बॅटरीत जास्त तापल्यावर ऑक्सिजन सुटतो, आतलं द्रव पेट घेणारं, मग आगीला घरातच सगळं मिळतं. साधारण हिशोब असा असतो की तापमान १० डिग्री वाढलं की नासायची क्रिया दुपटीने होते. बाहेर ४५, काळ्या डबीत त्याहून कितीतरी जास्त, दाजींची बॅटरी का फुगली याला यंत्रवाल्याला शिव्या द्यायच्या आधी हे गणित बघायला पाहिजे, म्हणजे शिव्या मग देऊच, पण नेमक्या देता येतील. डबी पांढरी करा, केळीच्या सावलीत लावा, आणि सेल फॉस्फेटवाला टाका, निम्मं दुखणं जातं.

भाचा सध्या ज्या बॅटरीवर काम करतो ती परत जस्ताची. एका काठाला जस्त, दुसऱ्याला मँगनीज डायऑक्साइड, मधे चक्क मिठाचं पाणी म्हणावं असं द्रव, जस्ताचं सल्फेट विरघळवलेलं. पाणी पेटत नाही, जस्त स्वस्त, माल टॉर्चच्या सेलसारखाच, फक्त हा परत चार्ज करायचा. अडचण ही की चार्ज करताना जस्त सपाट बसत नाही, त्याला बाभळीसारखे काटे फुटतात आणि ते दुसऱ्या काठापर्यंत पोचले की शॉर्ट. गेलं वर्षभर हा माणूस काटे मोडत बसलाय. व्होल्टाने १८०० मध्ये पहिली बॅटरी रचली तेव्हाही एक चकती जस्ताचीच होती, म्हणजे सव्वादोनशे वर्षं झाली तरी हा धातू पूर्ण वठणीवर आलेला नाही.

आता शहाणे लोक विचारतील की खान्देशात एवढं ऊन पडतं, सोलर लावा की एक, कशाला घासाघासी. बरोबर आहे. उघड्या शेतात सोलरच जिंकतो आणि दाजींच्या बागेत शेवटी बोटभर सोलर पॅनल आणि फॉस्फेटचा सेल असंच लावलं, त्यात भाच्याच्या संशोधनाचा काही वाटा नाही. पण भुसावळला यार्डात उभी मालगाडी बघा. वॅगनमध्ये वीज नसते, ना दिवा ना प्लग, आणि चाकाचं बेअरिंग तापतंय का हे आतून कळायला हवं. बोगीखाली ग्रीस आणि धुळीत सोलर काय करणार. तिथं हादरे मात्र फुकट आहेत, दिवसरात्र. टायरच्या आत, मोटारीच्या अंगावर, अंधाऱ्या चेंबरमध्ये, अशा जागा आहेत या धंद्याच्या.

अजून एक, "सेल्फ पॉवर्ड" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एकात सेन्सर स्वतःची वीज काढून रेडिओसकट सगळा चालतो, हे अवघड. दुसऱ्यात फक्त सिग्नल स्वतःचा असतो, दाबलं की जे व्होल्टेज येतं तेच माप, त्यासाठी बाहेरून वीज लागत नाही, आकडा लक्षात ठेवायला मात्र छोटा सेल लागतो. दुसरा प्रकार आजही करता येतो. केळीच्या चेंबरचं स्वप्न भाच्याने या दुसऱ्या प्रकाराने थोडंसं पुरं केलं. इथिलीन मोजायचं राहू दे म्हणाला, आधी दार मोजू, कारण दार उघडं राहिलं की वायूही जातो आणि गारवाही. पहिल्यांदा घासविजेची पट्टी लावली तर दोन दिवसांत मेली, चेंबरमध्ये दमटपणा ९० टक्क्यांच्या वर, आणि ओलाव्यात घासवीज टिकत नाही, चार्ज पाण्याच्या पातळ थरावरून पळून जातो. स्वेटर पावसाळ्यात तडतडत नाही तेच कारण. मग प्लॅस्टिकमध्ये झिंक ऑक्साइड कालवून व्हिजिटिंग कार्डाएवढी पिएझो पट्टी केली, आधारकार्डाला करतात तसं लॅमिनेशन, आणि दाराच्या रबराखाली सरकवून दिली. दार बंद झालं की रबर दाबतं, पट्टी एक ठोका देते, ठोक्याने झोपलेली चिप जागी होते, एक आकडा वाढवते, परत झोपते. मधल्या वेळात बटन सेलवर जवळपास भारच नाही.

मे महिन्यात पहिल्या आठवड्याचा आकडा आला, दार ६१ वेळा. चेंबरवाल्याच्या वहीत नोंदी ३८. भाच्याला वाटलं पट्टी खोटे ठोके देते, रेल्वेच्या हादऱ्याने असेल, ट्रकने असेल, दोन रात्री त्याने मला फोन करकरून पट्टी तपासायला लावली. मी तिथं दुपारी स्टूल टाकून बसलो. पावणेतीनला हमाल आला, दार उघडून आत गेला, केळीला हात न लावता पाचेक मिनिटांनी बाहेर आला, दार नीट लावून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणे, सर, बाहेर ४६ आहे, आत १७.